अस्वलालाही सुगम

माझ्यासारख्या माणसाने जंगलात जाऊ नये, असं मला आजवर एकाही वाघाने सांगितलेलं नाही. हे सांगणारे सगळे माझे नातेवाईक आहेत.

माझा उजवा पाय पोलिओचा. दीड वर्षाचा असताना ताप आला, दोन दिवसांत उतरला आणि जाताना पाय घेऊन गेला. तेव्हापासून पायाला कॅलिपर आणि काखेत कुबड्या. ज्यांनी कॅलिपर जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पायाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, खाली बूट आणि गुडघ्यापाशी एक सरकती कडी. उभं राहिलं की कडी खाली सरकवायची, ‘खट्’ असा आवाज होतो आणि गुडघा ताठ होतो. बसताना कडी वर ओढायची. हा ‘खट्’ लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

आमची जमात आता नामशेष होत चालली आहे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता, आणि वाघ वाढावेत म्हणून सरकारने जिवाचं रान केलं. आम्ही मात्र कमी व्हावं म्हणून सरकारने त्याहून जास्त रान केलं. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण सापडला आणि २०१४च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. एखादी जात संपत आली म्हणून पेढे वाटले गेल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असावं. मीही वाटले.

उरलेल्या आयुष्यात मी लोकांना उतार मोजून देतो. उताराचं प्रमाण एकास बारा हवं, म्हणजे एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की सोसायटीतली पोरं मला ‘एकास बारा काका’ म्हणतात. खिशात टेप असतो. एका लग्नात नवरी मंडपात येत होती तेव्हा मी स्टेजच्या उताराला टेप लावून वाकलो होतो. त्या लग्नाच्या व्हिडिओत माझी पाठ फार सुंदर आली आहे. दिव्यांग हक्कांचा २०१६चा कायदा मला जवळजवळ पाठ आहे. त्याच्या एकोणतिसाव्या कलमात मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रम यांचा चक्क उल्लेख आहे. हा उल्लेख माझ्या वाचनात आला आणि घात झाला.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभाग लोकांना जंगलातल्या मचाणांवर बसू देतो. वैशाखात ओढे आटलेले, साग निष्पर्ण, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर. जनावराला तिथे यावंच लागतं आणि रात्रभर चंद्र असल्याने ते दिसतं. पूर्वी अशा रात्री मोजदाद व्हायची. आता वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप आहेत, पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखतात, तेव्हा मचाणावरच्या हौशी मंडळींच्या नोंदींवर कुणाचं काही अडत नाही. हा आता ‘निसर्गानुभव’ आहे. संध्याकाळी चढायचं, सकाळी उतरायचं. मधे उतरायचं नाही.

मी अर्ज भरायला बसलो. त्यात एक रकाना होता: ‘काही शारीरिक अडचण असल्यास नमूद करावी.’

आता, असा रकाना प्रत्येक अर्जात असावा म्हणून मी वर्तमानपत्रांत पत्रं लिहिलेली आहेत. पण तो प्रत्यक्ष समोर आल्यावर माझ्यातला विचारवंत जागा झाला. माइक ऑलिव्हर नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः व्हीलचेअर वापरायचा, १९८३ साली एक मांडणी केली: अपंगत्व माणसाच्या शरीरात नसतं, समाजाने केलेल्या रचनेत असतं. म्हणजे जिना चढता येत नसेल तर दोष पायाचा नाही, जिन्याचा. या न्यायाने मला काही अडचणच नव्हती. मी रकान्यात ठळक अक्षरांत ‘नाही’ लिहिलं आणि बायकोला म्हणालो, “अडचण मला नाही, शिडीला आहे.”

“मग तसं शिडीला सांगा तिथे जाऊन,” ती म्हणाली. “घरात रात्री बाथरूमचा दिवा लावायला मला उठवता, आणि निघाले मचाणावर.”

सोबत मेहुण्याला घेतलं. रेल्वेच्या सवलतीत माझ्याबरोबर एका सोबत्यालाही तिकिटात सूट मिळते, आणि माझ्या मेहुण्याला सूट मिळणार असेल तर तो चंद्रावरही येईल. त्याने तयारी जोरात केली. घडीचा कमोड आणला, दोन टॉर्च आणल्या, आणि ‘जंगलात अंधारात हरवलो तर दिसावं’ म्हणून भडक नारिंगी टी-शर्ट आणला. सूचनापत्रकात मळखाऊ रंगाचे कपडे, अत्तर-सेंट नको, आवाज नको असं स्पष्ट लिहिलं होतं.

आवाजाच्या मुद्द्यावर मी अडलो. माझा कॅलिपर चालताना करकरतो. शिवणयंत्राचं तेल घालायचा शिरस्ता आहे, पण त्याला वास येतो आणि वासाला बंदी. मग मी स्वतःच्या अकलेने बिजागरीला आणि चामड्याच्या पट्ट्यांना सढळ हाताने खोबरेल लावलं. करकर थांबली. कॅलिपर इतका गुळगुळीत चालू लागला की मला तरुण झाल्यासारखं वाटलं.

रात्रीच्या गाडीने बडनेरा, तिथून जीपने परतवाडा. वाटेत एका हॉटेलात हातपाय धुवायला थांबलो. दाराशी सिमेंटचा उतार होता, आणि तो पाहून माझा हात आपोआप खिशात गेला. एकास तीन. शिवाय उतार जिथे सुरू व्हायचा तिथे एक पायरी होती. म्हणजे उतारावर चढायला आधी पायरी चढायची. मी मॅनेजरला विचारलं, “हा नेमका कशासाठी केलाय?”

“तपासणीसाठी, साहेब,” तो म्हणाला. इतकं प्रांजळ उत्तर मला या विषयावर याआधी मिळालेलं नाही.

परतवाड्यानंतर घाट लागतो आणि मग साग, साग आणि साग. मेमधला मेळघाट पाहायची सवय नसेल तर निराशाच होते. हिरवं म्हणून काही दिसत नाही. पानगळ झालेले डोंगर, वाटेवर कुरकुरीत पाचोळा, सेमाडोहजवळ सिपना नदी नुसत्या डोहांपुरती उरलेली. दुपारी जीपच्या दाराला हात लावला तर चटका बसत होता. आमचं विश्रामगृह कुठलं ते सांगत नाही, कारण तिथल्या खानसाम्याच्या हातचं पिठलं मला पुन्हा खायचं आहे.

तिथे आम्हाला नेमून दिलेले वनरक्षक भेटले. कोरकू, तिशीतले, शिडशिडीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅलिपरकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर ‘नाही’ होतं. मग त्यांनी मेहुण्याच्या टी-शर्टकडे पाहिलं आणि एक उसासा टाकला. हा उसासा आमच्यापैकी नेमका कोणासाठी होता ते मला कळलं नाही.

आमच्या वाट्याचं मचाण उंच अर्जुनाच्या झाडावर होतं. खाली पाणवठा, वर मचाण, आणि दोहोंमध्ये सागाच्या दांड्यांची सरळसोट शिडी. दोन दांड्यांमध्ये अंतर एवढं, की धडधाकट माणसालाही मांडी छातीला लावावी लागेल. मी टेप काढला. शिडीचं माप घेतलं. मग वनरक्षकांना मी एकोणतिसावं कलम सांगितलं. सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक नकोत, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये म्हटलं आहे, हे सांगितलं. एकास बाराही सांगितलं. मचाण पंधरा फुटांवर असेल तर एकशे ऐंशी फूट लांबीचा उतार लागेल, तो पाणवठ्याला वळसा घालून नेता येईल, मधे विश्रांतीचे कट्टे लागतील, दोन्ही बाजूंना कठडे.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “साहेब, थे नाल्याकडचं मचाण पाहू काय?”

ते मचाण पाहिलं आणि मी गप्प झालो. नाल्याच्या उतारावर एक झाड होतं. समोरून, म्हणजे पाण्याच्या बाजूने, मचाण चांगलं उंचावर दिसत होतं. पण मागच्या अंगाला टेकाडच वर चढत आलेलं, त्यामुळे मागून पायवाटेने गेलं की मचाणाची फळी जेमतेम कमरेएवढी. वनरक्षक म्हणाले, “फळीवर बसा. आता मांगं सरका. पाय मंग घ्या वरते.”

बसलो. सरकलो. पाय हाताने उचलून वर घेतले. झालं. कलमं सांगायला मला याहून कितीतरी जास्त वेळ लागला होता.

“जमते न,” ते म्हणाले. “आमच्या गावात पावसाळ्यात पेशंट खाटेवर टाकून आणा लागते रस्त्यालोक. नाला भरला का थांबा लागते. थ्याच्यापक्षा हे सोपं हाय.” हे त्यांनी तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं. मी टेप खिशात टाकला आणि रात्रभर बाहेर काढला नाही.

सूर्य कलला तेव्हा फार बरं वाटत होतं. वानरं पाण्यावर आली, मोर आले, एक भेकर मान लांब करून प्यायलं. मेहुण्याने टी-शर्टवर वनरक्षकांचा जुना खाकी शर्ट चढवला होता. मी पाय लांब करून बसलो होतो, आणि या मचाणावर जाहीरपणे काय बोलता येईल याची मनात जुळवाजुळव करत होतो. खर्च शून्य, उतार नैसर्गिक, सर्वांना खुलं. ‘सर्वांसाठी रचना’ या तत्त्वाचं हे जिवंत उदाहरण होतं. म्हातारेकोतारे, गरोदर बाया, लहान मुलं, कॅलिपरवाले, कुणीही मागून यावं आणि बसावं.

आणि मग माझ्या डोक्यात आलं, की कुणीही म्हणजे कुणीही.

मी वनरक्षकांच्या कानाशी लागलो. “मागून अस्वलसुद्धा येऊ शकेल का हो?”

“येऊ शकते न.”

“मग त्या शिडीच्या मचाणावर सुरक्षित होतं म्हणायचं.”

“अस्वलाले शिडी कायले लागते साहेब? थे तं झाडावर चढते.”

हा दिलासा होता की कसं, याचा मी बराच वेळ विचार केला. अस्वल झाडावर चढतं हे मलाही ठाऊक होतं. मोहाची फुलं, मध, टेंभरं यांच्यासाठी ते कुठेही चढतं. पण चढायला त्याला कष्ट पडतात, नखं झाडावर वाजतात, आपल्याला कळतं. इथे माझ्यासाठी केलेल्या सोयीने ते निवांत चालत येणार होतं. त्या क्षणापासून मी पाणवठ्याकडे पाठ केली आणि टेकाडाकडे तोंड करून बसलो. सुगम मार्गावर पाळत ठेवायला कुणीतरी हवंच होतं.

चंद्र वर आला. याच सुमारास खोबरेलाने गुण दाखवला. झाडावरच्या मुंग्यांना आधी चामड्याच्या पट्ट्यांचा शोध लागला, मग पट्ट्यांच्या आतल्या मांडीचा. लोकांचा असा समज असतो की पोलिओच्या पायाला काही कळत नाही. पोलिओ स्नायूंची ताकद नेतो, स्पर्श आणि वेदना जशाच्या तशा ठेवतो. म्हणजे तो पाय मुंगीला झटकू शकत नाही, पण चावा मात्र पुरेपूर उपभोगू शकतो. पट्टे सोडायचे तर बकलांचा आवाज, न सोडायचे तर मुंग्या. मी दात आवळून टेकाडाकडे पाहत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून मेहुणा हळूच म्हणाला, “भावजी, चांदणं आहेच असं.”

बाटलीचं प्रकरणही याच काळात झालं. घडीचा कमोड खाली जीपमध्ये राहिला होता, उतरायला बंदी होती, आणि बसल्या जागी बाटली वापरायला जे कौशल्य लागतं ते पुस्तकात मिळत नाही. तपशील देत नाही. वनरक्षक त्या वेळी चंद्राकडे पाहत होते, आणि एखादा माणूस चंद्राकडे इतका वेळ पाहतो तेव्हा त्याचं संगोपन उत्तम झालेलं असतं.

मध्यरात्रीच्या आसपास मेहुण्याने माझी बाही ओढली. मी मान वळवली नाही. टेकाडावर काहीतरी हललं होतं. निरखून पाहिलं, तर ते माझ्याच कुबडीची सावली होती. मेहुणा पुन्हा बाही ओढू लागला. मी त्याला हाताने गप्प केलं. बऱ्याच वेळाने त्याने बाही सोडली आणि सुस्कारा टाकला.

“काय होतं?” मी कुजबुजलो.

“अस्वल.”

“कुठे?”

“समोर. पाण्यावर. दोन पिल्लं पाठीवर घेऊन आलं होतं. प्यायलं आणि गेलं.”

अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते हे मी पुस्तकात वाचलं आहे, माहितीपटात पाहिलं आहे, भाच्याला चित्र काढून दाखवलं आहे. ती माझ्यापासून पंचवीस-तीस पावलांवर तशी आली, भरपूर वेळ पाणी प्यायली आणि परत गेली, आणि तेवढा वेळ मी तिच्याकडे पाठ करून तिचीच वाट पाहत होतो.

त्यानंतर मी समोर तोंड केलं. कुठल्याशा घुबडाचा आवाज आला. मेहुणा उत्साहाने म्हणाला, “रानपिंगळा!” रानपिंगळा हा पक्षी ११३ वर्षं कुणालाच दिसला नव्हता, १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि मेळघाटातही आहे, एवढं मेहुण्याने गाडीत वाचलं होतं. वनरक्षक म्हणाले, “थो दिवसा फिरते.” मेहुणा पुन्हा काही बोलला नाही.

पहाटेच्या आधी सांबर आलं. मोठा नर. पाचोळ्यात पाऊल टाकायचा, थांबायचा, कान फिरवायचा, पुन्हा एक पाऊल. पाण्यात पुढचे दोन पाय घालून त्याने मान खाली केली, आणि शिंगांच्या टोकांवर चांदणं आलं. मचाणाच्या काठावरची एक फांदी नेमकी माझ्या नजरेच्या आड येत होती. मला वाटलं, थोडं उठलं तर पूर्ण दिसेल. फळीच्या कडेला सरकलो, डाव्या पायावर भार घेतला, फांदी धरली आणि उभा राहिलो. तेल पाजलेली कडी कुणी न सांगताच खाली आली.

खट्!

दिवसा सोसायटीच्या जिन्यात हा आवाज कुणाला ऐकूही येत नाही. तिथे तो बंदुकीचा घोडा ओढावा तसा वाजला. सांबराने मान वर केली, शेपटी ताठ केली आणि ‘ढाँक!’ अशी आरोळी ठोकली. पाणी उडवत ते टेकाडावर गेलं आणि तिथून पुन्हा ‘ढाँक, ढाँक’. झोपेतली वानरं खाकरायला लागली. पलीकडच्या दरीत दुसरं सांबर ओरडलं, त्याच्या पलीकडे तिसरं. माझ्या गुडघ्याची बातमी नाल्याने खाली-खाली गेली. वनरक्षकांनी कपाळाला हात लावला, मग शांतपणे कागदावर लिहिलं: ‘सांबर, नर, १.’ कारणाचा रकाना त्या कागदात नव्हता.

सकाळी विश्रामगृहावर चहाला सगळ्या मचाणांवरची मंडळी जमली. चेहरे जागरणाने सुजलेले, पण वातावरणात काहीतरी होतं. नागपूरचे एक डॉक्टर म्हणाले, “पहाटे नाल्याकडे वाघ होता. खात्रीने. सांबराचा अलार्म कॉल आणि लगेच वानरांचा. दोन्ही एकदम आले म्हणजे वाघच.” अकोल्याच्या दोन प्राध्यापिकांनी दुजोरा दिला. एकाने तर चालत जाण्याची दिशाही सांगितली: नाल्याने खाली. पुण्याचे एक छायाचित्रकार हळहळले, की अर्जुनावरचं त्यांचं मचाण फार लांब पडलं. ते मचाण काल आमच्या वाट्याला होतं.

मग सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. “तुम्ही तर नाल्यावरच होता. दिसला का?”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. वनरक्षक कपातल्या चहाकडे पाहत होते. संगोपनाचा मुद्दा आधी आलाच आहे. मी म्हणालो, “दिसला नाही. पण फार जवळ होता.”

यात खोटं काही नाही.

शास्त्राला यामुळे धक्का बसला असेल अशी भीती कुणी बाळगू नये. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, आणि त्यांच्या पट्ट्यांचे फोटो आहेत. माझे पट्टे चामड्याचे असल्याने माझा त्यात समावेश होण्याची शक्यता नाही.

निघताना वनरक्षकांनी नोंदवही पुढे केली, सूचना लिहायला. पानभर लिहायची माझी सवय. या वेळी तीनच ओळी लिहिल्या. प्रत्येक परिक्षेत्रात टेकाडाच्या अंगाला असलेलं किमान एक मचाण कॅलिपरवाल्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, गुडघे बदललेल्यांसाठी राखून ठेवावं. त्याला फांदीचा आडोसा येणार नाही, बसून सगळं दिसेल असं करावं. पडद्यामागे कमोडची खुर्ची ठेवावी. उतार लागत नाही, निधी लागत नाही, कुठलं मचाण टेकाडाला टेकलं आहे हे ठाऊक असलेला माणूस लागतो, आणि तो तिथे नोकरीला आहेच.

ज्यांना पुढच्या बुद्ध पौर्णिमेला जायचं असेल त्यांनी अर्जातल्या त्या रकान्यात ‘आहे’ लिहावं आणि कडीला कापडाची चिंधी गुंडाळावी. शिवणयंत्राचं तेल आठवडाभर आधी घालून वास उडू द्यावा. खोबरेल घालू नये. नाल्यावरचं ते मचाण मात्र मागू नका. मी यंदाच्या अर्जात ते आधीच मागून ठेवलं आहे.